वाइड लेन्सचं राहिलेलं भांडण

हंसा,

आधी ते वाइड लेन्सचं भांडण मिटवू, बाकीचं नंतर. आता मी एकटीच उरल्ये म्हणजे जिंकणार मीच, असं तू म्हणशील. तसं नाही. या खेपेला मी हरल्ये, आणि हे सांगायला गेले तर तू जागेवर नाहीस, म्हणून माझं डोकं फिरलंय.

काल तुझं बारावं झालं. तळासरीच्या घरासमोर मांडव घातला होता, पंगती उठत होत्या. नरेशभाऊ पाण्याचा जग घेऊन फिरत होते. ज्यांचे पेले भरलेले होते त्यांनाही ते पाणी वाढत होते आणि कुणी त्यांना नको म्हणत नव्हतं. पूनमने मला आतल्या खोलीत बोलावलं आणि पलंगाखालून तुझी काळी कॅमेऱ्याची पिशवी ओढून काढली. म्हणाली, "मावशी, ही तुम्ही घेऊन जा. पप्पांच्या नजरेला पडली की ते जेवत नाहीत." तुझी लेक तुझ्यासारखीच बोलते, रडायच्या वेळीही कामाचं. मी पिशवी घेतली. तिचा पट्टा मीच दाभणाने शिवून दिलेला, तो अजून धरून आहे.

मी निघाले तर पूनमचे पप्पा, नरेशभाऊच, रस्त्यापर्यंत सोडायला आले. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही उभे होतो आणि तेव्हा ते बोलले. पण ते मी नंतर लिहिते. ते आधी लिहिलं तर मी तुझ्यावर इतकी चिडेन की पुढचं काही लिहून होणार नाही.

तुझी-माझी ओळखही लेन्सवरून ओढाताण करतानाच झाली ना. डहाणू रोडला स्टेशनजवळचा तो जुना स्टुडिओ बंद होत होता. धबधब्याचं चित्र असलेला पडदा, दिवे, खुर्च्या, सगळं विकायला काढलेलं. मी शाळेसाठी स्टँड बघायला गेले होते आणि एका खोक्यात जुन्या लेन्स दिसल्या. मी त्यातल्या फिफ्टीला, पन्नास एमएमच्या लेन्सला, हात घातला, त्याच वेळी तूही घातलास. नर्सची निळी साडी, खांद्याला पिशवी. मालक म्हणाला, "बाई, तिला बुरशी लागलीय, दर्याची हवा आहे इथली." तू पिशवीतून बॅटरी काढलीस, पोरांचे घसे बघायची ती, आणि एक डोळा मिटून लेन्सच्या आत बघितलंस. लेन्सने आ करावा अशी तुझी अपेक्षा होती की काय कोण जाणे. मग म्हणालीस, "कोपऱ्यात जाळं आहे थोडं. फोटोत नाही येणार. चालसे."

'चालसे' हा तुझा शब्द. अर्धं माहेर उंबरगावकडचं, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच गुजरातीचा खडा लागायचा. पगार उशिरा झाला, चालसे. पावसात उपकेंद्र गळलं, चालसे. मला तो शब्द ऐकला की राग यायचा. आता तो कुणाच्या तोंडून ऐकायचा हे मला कळत नाही.

ती फिफ्टी तू नेलीस. बाहेर चहा पिताना मात्र सगळं ठरवूनही टाकलंस. दोघींनी एकाच कंपनीची कॅमेऱ्याची बॉडी घ्यायची, जुनी का असेना, म्हणजे लेन्स इकडून तिकडे फिरवता येतील. एकीकडे आहे ती दुसरीने घ्यायची नाही. मी विनाअनुदानित शाळेतली चित्रकलेची शिक्षिका, तू कंत्राटी नर्स. नवी लेन्स हा शब्द आपल्या तोंडी कधी नव्हता. कुणाची तरी वापरलेली, कुणाची तरी पडलेली, कुणाच्या तरी नवऱ्याला कंटाळा आला म्हणून कपाटात राहिलेली, अशीच लेन्स आपली. तीही एक घेतली की पुढचीसाठी कितीतरी महिने नुसतं बोलायचं. खरं सांगू, मला त्या बोलण्याचीच हौस जास्त होती. कुठली घ्यावी यावर आपण जितके तास घालवले तितके फोटो काढण्यात घातले असते तर आज आपण कुठे असतो.

माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, टेली हवी. खाडीतले पक्षी, दूरची होडी, समोरच्या माणसाला कळणारही नाही इतक्या लांबून फोटो. तू मला चिडवायचीस, "मास्तरीणबाईंना माणसं चालतात, फक्त ती समुद्राच्या पलीकडे पाहिजेत." तुझं सगळं जवळचं. त्या जुन्या फिफ्टीला आपोआप फोकस नव्हता. कॅमेऱ्याला जोडायला अॅडॉप्टर लावून, लेन्सचं कडं हाताने फिरवून, डोळ्यांनी बघून नेमकं धरावं लागायचं. तू हातभर अंतरावर जायचीस. कुणी रागवायचं नाही, कारण ज्या बाईच्या मांडीवरच्या पोराला तू सुई टोचलेली असायचीस, तिच्या तोंडापुढे तू काहीही नेऊ शकायचीस.

आणि माझं काम काय, तर बोलायचं. कॅमेरा पुढे आला की माणूस लाकूड होतो, म्हणून मी शेजारी उभी राहून त्याच्याशी गप्पा मारायच्या. पिशवी तुझ्या उजव्या खांद्याला, म्हणून मी कायम डाव्या बाजूला, तुझ्यापेक्षा जरा पुढे. सुट्टीच्या दिवशी आपण स्कूटीवरून किती गावं फिरलो. मी पोरांची नावं विचारायची, मासळीचा भाव विचारायची, तू टिपायचीस. घरी आले की माझ्या नवऱ्याला मी सांगायची, आज इतक्या लोकांशी बोलले. त्याला खरं वाटायचं नाही. मी लांबून बघणारी बाई, तू मला माणसांपर्यंत ओढत नेलंस. त्याबद्दल तुला कधी काही बोलले नाही, कारण तू लगेच चेष्टा केली असतीस.

माझ्या वर्गातल्या मुलांचे फोटो तू काढलेस तो दिवस आठवतो. छापून आणल्यावर तू ते टेबलावर मांडलेस आणि एका मुलीच्या फोटोवर बोट ठेवलंस. "हिचे ओठ बघ. रक्त नाही हिच्या अंगात. उद्या पाठव माझ्याकडे." मी त्या मुलीला रोज बघत होते, मला काही दिसलं नव्हतं. तुला फोटोत दिसलं. तेव्हापासून मी वर्गात शिरले की आधी ओठ बघते. तू फोटो बघून दुखणं ओळखायचीस, हंसा. तुझ्या फोटोंकडे बघून तुझं दुखणं ओळखायला मात्र कुणी नव्हतं. मी होते, पण मी फोटो तपासत होते.

गेल्या वर्षी ते सुरू झालं. चिंचणीला बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपुढे एक म्हातारी बसली होती. तिच्या चेहऱ्याच्या सुरकुत्यांत मीठ दिसत होतं. तू पुष्कळ फोटो काढलेस. संध्याकाळी बघितले तर म्हातारी उजव्या कडेला चिकटलेली आणि डावा अर्धा भाग माझ्या खांद्याने भरलेला. मी तुला फोनवर झापलं. "मी मध्ये येत होते तर सांगायचंस ना." तू म्हणालीस, "कुठे आलीस मध्ये? तू नव्हतीस." मला वाटलं माझं मन राखण्यासाठी खोटं बोलतेस, आणि त्याचा मला आणखी राग आला.

पुढच्या वेळी माझं कोपर. त्याच्या पुढच्या वेळी माझी ओढणी. मी म्हटलं लेन्सचं अॅडॉप्टर सैल झालंय, फोटो एका बाजूला सरकतोय. आपण दोघींनी ते उघडून पाहिलं, पुसलं, परत बसवलं. मग मी म्हटलं जुन्या लेन्सची काच आतून हलली असेल. इंटरनेटवर वाचून वाचून मी तुला लेन्सचे आजार समजावत होते. तू ऐकून घेत होतीस. मान डोलवत होतीस.

मग गंजाडचं लग्न. तुझ्या ओळखीच्या घरातलं, हौसेने बोलावलेलं. हळद लागल्यावर सगळी भावकी ओळीने उभी केली, तू फोटो काढलेस आणि पुढच्या आठवड्यात छापून दिलेस. नवऱ्या मुलाची आत्या डाव्या टोकाला उभी होती. नवी साडी नेसून, मुद्दाम पुढे येऊन उभी राहिलेली. फोटोत तिचा नुसता हात आला होता, बांगड्यांसकट. तिने फोटो उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाली, "नर्सबाई, मना नाय घेतला?"  तू तिला म्हणालीस परत काढू, पण लग्न काय परत लागणार होतं.  परत येताना मसोलीच्या टपरीवर चहा घेतला तेव्हा एकदम म्हणालीस, "विद्या, या वेळी वाइड घेऊ."

मला हसू आलं. जन्मभर फिफ्टी फिफ्टी करणारी बाई. मी म्हटलं माझ्या कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स वापर, तिच्यात मावतात सगळे. तू म्हणालीस, "त्याच्याहून रुंद पाहिजे."

"इतक्या रुंद लेन्सने कडेची माणसं वाकडी येतात. डोकं भोपळ्याएवढं दिसतं."

"कापलेल्यापेक्षा भोपळा बरा."

"अगं मग मागे सरक ना जरा. पाय दिलेत देवाने."

"मागे सरकले तरी सुटतात," तू म्हणालीस. "मला कुणी सुटायला नको."

तेवढं एक वाक्य तू वेगळ्या आवाजात बोललीस. मी ते ऐकलं आणि दुसरा चहा सांगितला. पुढे सगळा पावसाळा आपण त्यावरून भांडलो. मी टेलीचे फायदे सांगायची, तू वाइडचे सांगायची नाहीस, नुसतं पाहिजे म्हणायचीस. कारण दिलं नाहीस म्हणून मी तुझं म्हणणं धरलंच नाही. मास्तरीण आहे मी, कारण सांगा म्हणते.

दिवाळीनंतर वापीचा तो मुलगा भेटला, लग्नाचे फोटो काढणारा, सामान बदलतो म्हणून जुनं विकणारा. हायवेवरच्या हॉटेलात त्याने दोन्ही लेन्स आणल्या, वाइड आणि टेली. आपल्याकडे एकीचीच सोय होती. मी बॅटरी मारून आतली काच बघितली, दोन्ही स्वच्छ. मग तू वाइड लावून बाहेर गेलीस आणि रस्त्यापलीकडे उभी राहून हॉटेलची पाटी टिपलीस. परत येऊन कॅमेरा माझ्या हातात दिलास. तू खूश होतीस. म्हणालीस, "बघ, आख्खी आली."

पाटी अर्धीच होती. हॉटेलच्या नावाचा पहिला शब्द नव्हताच, उरलेली पाटी आणि तिच्या उजवीकडे भलंमोठं आकाश. तो मुलगा वाकून बघून हसला, "बेन, वाइडमध्ये पण कापलं?" आणि मला आयती संधी मिळाली. मी म्हटलं, "बघ हंसा. वाइड घेऊनही कापतेसच. दोष लेन्सचा नाहीये, तुझा आहे."

असं मी म्हटलं. भांडण जिंकले ते या वाक्यावर. तू स्क्रीनकडे पाहिलंस. थोडी मान वळवून, कोंबडी बघते तशी, एका बाजूने. मग पुन्हा सरळ पाहिलंस. तुझा चेहरा उतरला ते मला दिसलं, पण मला वाटलं हरल्याचं वाईट वाटतंय. तू कॅमेऱ्याची वाइड काढून त्या मुलाला परत दिलीस. मला म्हणालीस, "घे तुझी दुर्बीण. चालसे."

मी टेली घेतली. तिने मी खाडीतले पक्षी टिपले, पाय आणि चोची स्पष्ट. तू माझ्याबरोबर यायचीस, बांधावर बसायचीस, कॅमेरा मांडीवर ठेवायचीस आणि उचलायची नाहीस. मला वाटायचं रुसलीस. किती दिवस धरून ठेवशील, मी म्हणायची. त्या दिवसांत तुझ्या स्कूटीचा डावा आरसा तुटला. दाराला डावा खांदा आपटून काळानिळा झाला. चहाचा ग्लास डावीकडे ठेवला की लवंडायचा, आणि आपण दोघी हसायचो. मी तुला म्हटलं, म्हातारी झालीस, चष्मा बदल. तू बदललास. नव्या चष्म्यात छान दिसायचीस.

मग लसीकरणाच्या दिवशी तू पाड्यावर चक्कर येऊन पडलीस आणि तुला वापीला नेलं. मी शाळेतून तशीच आले. नरेशभाऊ खाली पैसे भरायला गेले होते, म्हणून डॉक्टरांच्या खोलीत तुझ्याबरोबर मीच होते. डॉक्टर तुझ्यासमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "बेन, फक्त माझ्या नाकाकडे बघायचं. बोट हललं की सांगायचं." त्यांनी तुझ्या उजवीकडे बोट हलवलं. तू लगेच म्हणालीस, "हललं." मग त्यांनी तुझ्या डावीकडे हात धरला आणि बोटं हलवली. तू नाकाकडे बघत राहिलीस. ते बोटं हलवत होते आणि तू शांतपणे वाट बघत होतीस. त्यांनी हात हळूहळू आत आणला. तो त्यांच्या स्वतःच्या तोंडासमोर आला तेव्हा तू म्हणालीस, "हां, हललं."

मी भिंतीला टेकून उभी होते. ती म्हातारी, ती आत्या, ती पाटी, माझं कोपर, माझा खांदा, सगळं एका क्षणात जागेवर बसलं. तुझं डावीकडचं जग गेलेलं होतं आणि ते गेलंय हेही तुला दिसत नव्हतं. मी बाहेर येऊन बाकावर बसले. तू तपासणी संपवून बाहेर आलीस तेव्हा मी तुझ्या उजव्या बाजूला जाऊन बसले. त्यानंतर मी नेहमी उजवीकडेच बसले. 

डोक्यातली गाठ किती मोठी होती, ऑपरेशन कसं झालं, हे मी लिहीत नाही. ते तुला ठाऊक आहे आणि मला आठवायचं नाही. ऑपरेशननंतर तू घरी आलीस, डोक्याला रुमाल बांधलेला, पाय उचलत नव्हते. मी दर रविवारी यायची. तू प्रत्येक वेळी विचारायचीस, "वाइडचं बघितलंस का?" आणि मी म्हणायची, "आधी बरी हो, मग बघू." खरं तर मी बघितलं होतं. त्या वापीच्या मुलाला फोन केला होता, लेन्स केव्हाच विकली गेली होती. आणखी दोघा-तिघांकडे विचारलं, कुणाकडे नव्हती, किंवा होती ती आपल्या आवाक्यातली नव्हती. ते तुला सांगितलं असतं तर तू 'चालसे' म्हणाली असतीस. तेवढं ऐकायची माझी ताकद नव्हती, म्हणून मी बरी हो, बरी हो म्हणत राहिले. शेवटच्या रविवारी तू विचारलं नाहीस. मला हायसं वाटलं. घरी जाऊन कळलं की हायसं वाटायला नको होतं.

आता नरेशभाऊ काय बोलले ते.

रिक्षाची वाट बघत होतो. ते रस्त्याकडे बघून म्हणाले, "तिला आधीच समजलेलं, विद्याताई." मी म्हटलं, काय? ते म्हणाले, पावसाळ्याच्या आधी तुमच्या उपकेंद्रात डोळ्यांचं शिबिर झालं होतं. सगळी माणसं तपासून झाल्यावर तू स्वतः शेवटी डॉक्टरांपुढे बसलीस. त्यांनी सांगितलं, डोळ्यांत काही नाही, मागे डोक्यात बघावं लागेल, वापीला जा. नरेशभाऊ मागे लागले. तू आज जाऊ, उद्या जाऊ केलंस. म्हणालीस पूनमची परीक्षा होऊ दे, मग पाऊस संपू दे, मग दिवाळी होऊ दे. "आणि विद्याला नका बोलू," म्हणालीस. "तिला डोळ्यांचं कळलं तर ती मला घरी बसवेल. माझा कॅमेरा बंद होईल."

हंसा, शिबिर पावसाळ्याच्या आधी झालं. मसोलीच्या टपरीवर तू वाइड मागितलीस ते त्यानंतर.

तू नर्स होतीस. पाड्यावरच्या बायका अंगावर काढतात म्हणून त्यांना ओरडायचीस, हाताला धरून दवाखान्यात न्यायचीस. आणि स्वतःचं डोकं तू दिवाळीवर ढकललंस. रुंद लेन्स लावली की गेलेली बाजू परत मावेल, असा हिशेब होता तुझा. मी लेन्सवर दोष ढकलत होते, आणि तू, जिला सगळं माहीत होतं, तूही शेवटी लेन्सवरच भरवसा ठेवलास. दुसऱ्या कुणी केलं असतं का असं? एखादीने देवाला कौल लावला असता, एखादी रडत बसली असती. तू लेन्स बदलायला निघालीस. आणि मला सांगितलं नाहीस. मी तुला घरी बसवलं असतं, हे खरं आहे. मी तुला केसाला धरून वापीला नेलं असतं. मग तू आज इथे असतीस का? नरेशभाऊ म्हणाले, डॉक्टर म्हणाले की फरक पडला नसता. डॉक्टर असंच म्हणतात. तूही नातेवाईकांना असंच म्हणायचीस, मी ऐकलंय.

माझा राग जात नाहीये. तो जावा असंही वाटत नाही. तो गेला की मागे काय राहील याची मला भीती वाटते.

आज दुपारी तुझी पिशवी उघडली. बॉडी, फिफ्टी, हवा मारायचा तो रबरी फुगा, पुसायचं फडकं, तुझी घसे बघायची बॅटरी. फिफ्टी उजेडात धरली. कोपऱ्यातलं जाळं तेवढंच आहे, वाढलेलं नाही. इतकी वर्षं दर्याच्या हवेत राहून त्या काचेला काही झालं नाही. कॅमेऱ्यातलं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. गेल्या वर्षभरातलं सगळं त्यात होतं. तू काही पुसलं नव्हतंस. मला वाटायचं बिघडलेले फोटो तू काढून टाकत असशील. तुझ्या लेखी ते बिघडलेले नव्हतेच बहुतेक.

मला माझा फोटो काढलेला आवडत नाही, हे तुला चांगलं माहीत होतं. इतक्या वर्षांत तू एकदाही हट्ट केला नाहीस. आता त्या कार्डात मीच मी आहे. उजवीकडे एखादी बाई, एखादा शेतकरी, पाड्यावरचं पोर, आणि डावीकडे मी. आधी नुसता खांदा, मग गाल, मग पुढे पुढे तर अख्खी मी, डोक्यापासून कमरेपर्यंत. हसताना, केस बांधताना, नाक शिंकरताना. माझ्या लग्नानंतर कुणी माझे इतके फोटो काढले नाहीत. आणि तू काढत होतीस तेव्हा मी तुला दिसत नव्हते. मी तुझ्या शेजारी आवाज म्हणून होते. 'तू नव्हतीस' म्हणालीस ते खरं बोललीस.

शेवटी शेवटी मी त्या लोकांशी बोलणं सोडून तुझ्यावरच डाफरायला लागले होते, ते फोटोंत दिसतं. उजवीकडचा माणूस बिचारा ताटकळलाय आणि मी कॅमेऱ्याकडे वळले आहे, म्हणजे तुझ्याकडे. अगदी सरळ. हातभर अंतरावरून, चांगले दोन्ही डोळे उघडे ठेवून मी तुझ्या तोंडाकडे बघते आहे. माझ्या चेहऱ्यावर काळजी आहे का, म्हणून मी मोठं करकरून पाहिलं. नाहीये. नुसता वैताग आहे.

एका फोटोत माझं तोंड उघडं आहे आणि हात वर केलेला आहे. चिंचणीचाच आहे, पावसाळ्यानंतर आपण पुन्हा गेलो तेव्हाचा, मागे काठ्यांवर बोंबील दिसताहेत. काय बोलत होते ते आठवायची गरज नाही. त्या दिवसांत मी तुला एकच सांगत होते, मागे सरक म्हणून.